चामडं चिकट झालं: पिशवी, सोफा आणि गाडीची सीट

कपाशीवाला (हिंगणघाटजवळ), १४ ऑक्टोबर

राजेहो, जरा मदत पाहिजे. घरातल्या तीन वस्तू एकाच पावसाळ्यात चिकट झाल्या.

पहिली आजोबांची पिशवी. आजोबा पटवारी होते. पेरेपत्रकं, नकाशे, शाईची दौत, सगळं तिच्यात घालून सायकलवर पाच गावं फिरायचे. जाड तपकिरी चामडं, पितळी बक्कल, पट्ट्याला दोन ठिकाणी मोच्यानं घातलेले टाके. पोळ्याआधी बैलांच्या घुंगरांचे पट्टे तेलानं मऊ करायचे आणि त्याच बैठकीत पिशवीवरूनही हात फिरवायचा, असा आमच्याकडचा रिवाज. यंदा पट्टे झाले आणि एरंडेल संपलं. घरात घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल होतं. म्हटलं तेल ते तेल, सढळ हातानं चोपडलं. पोळा झाला, दसरा झाला, पिशवी अजून वाळायची आहे. बोट टेकवून उचललं की 'टच्' आवाज येतो. वेचणीचा कापूस त्याच खोलीत पडतो, त्यामुळे झाकणाला तंतू चिकटून आजोबांपेक्षा मोठी दाढी आली आहे.

दुसरा सोफा. पाच वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाच्या वेळी नागपूरहून आणला, 'प्युअर लेदर' म्हणून. डोकं टेकतं तेवढी पाठ आणि एका बाजूचा हात, एवढंच चिकट. दुसरा हात ठणठणीत. तिसरी मोटारसायकलची सीट. उतरताना पँट मागं राहायला बघते.

आई म्हणते पावडर मारा, बाबा म्हणतात रॉकेलनं पुसा. दोघांनाही थोपवून धरलंय. काय करू?

वऱ्हाडी_ठेचा (अकोट)

जवसाचं तेल पिशवीले? अबे भाऊ, ते खायाचं असते! गरम भाकर, वरून जवसाचं तेल, बाजूले ठेचा अन् कांदा. पिशवी आता चाटूनच साफ कर.

पावडरचं सांगतो. म्या सीटले मारली होती. तासभर बरं वाटलं, मंग घामानं तिचा लगदा झाला अन् पँटीच्या मांगून दोन पांढरे चंद्र उमटले. बँकेत रांगेत उभा होतो, लोकं हासून रायले अन् मले पत्ताच नाही.

मास्तर_दारव्हा

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. पट्ट्यांना एरंडेल लावलं, ते ठीक आहेत. पिशवीला जवस लावलं, ती चिकटली. चामडं तेच, पावसाळा तोच, फरक फक्त तेलाचा.

काही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन आपसात साखळ्या जोडत जातात आणि त्यांचा पापुद्रा होतो. जवस त्यात पुढच्या रांगेत, म्हणून तर ते रंगात आणि व्हार्निशमध्ये घालतात. तेल किती 'वाळतं' ह्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. जवसाचं साधारण १७० ते २००, सोयाबीनचं १२० ते १४०, एरंडेलाचं ८५ च्या आसपास, खोबरेलाचं जेमतेम ७ ते १०. आकडा जितका मोठा तितकं तेल लवकर पापुद्रा धरणार. तुम्ही पिशवीला तेल पाजलेलं नाही, व्हार्निश दिलंय. तेही जाड हातानं. वरचा थर आधी धरतो, खालच्याला हवा मिळत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने चिकट राहतं.

आपल्याकडं घरोघरी सोयाबीनचं तेल असतं. कोणी 'तळणीतलं उरलेलं लावतो' म्हणत असेल तर तेही नको. तेही चिकटतंच, फक्त सावकाश.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. ज्या फडक्यानं जवसाचं तेल लावलं किंवा पुसलं, त्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडली की फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. तुमच्या खोलीत कापूस आहे म्हणता! फडकं पाण्यात बुडवून मग अंगणात पसरून वाळवा.

कपाशीवाला

बाप रे. फडकं खरंच कापसाच्या ढिगामागं होतं. आत्ता बादलीत टाकलं. आता पिशवीचं काय करू?

मास्तर_दारव्हा

हार्डवेअरच्या दुकानात रंगात घालायचं तारपीन मिळतं. सुती कापडाला अगदी थोडं लावून, मागच्या बाजूला एका कोपऱ्यावर करून बघा. रंग निघत नसेल तर पुढं जा. दिवा, चूल, बिडी जवळ नको.

आरी_रापी (वणी)

मास्तर, तुमचं रसायन बरोबर आहे, पण एकदम तारपिनावर जाऊ नका. आमच्या घरी तीन पिढ्या हेच काम झालं. वडील बाजाराच्या दिवशी वडाखाली बसायचे, अशा तेलपाजल्या वस्तू दर हंगामात यायच्या. त्यांची पद्धत सांगतो.

आधी पिशवी सकाळच्या कोवळ्या उन्हात पाऊण तास ठेवा. दुपारच्या नाही, दुपारचं ऊन चामड्याला करपवतं. ऊब आली की वरचा चिकट थर जरा सैल होतो. मग बांबूची कामटी घासून तिची धार मारायची आणि थर हलक्या हातानं ओढून काढायचा. सुरी नको, चामड्याचं वरचं अंग सोललं की परत येत नाही. ओढलेला चीक दर वेळी कागदाला पुसायचा. त्यावर मुलतानी माती कोरडीच पसरून रात्रभर ठेवायची, सकाळी ब्रशनं झाडायची. माती तेल ओढते. असं चार-पाच वेळा. एवढं करून राहिलंच तर मास्तरांचं तारपीन, तेही थेंबभर.

शेवटी ओलसर फडक्यावर सौम्य साबणाचा नुसता फेस घेऊन पुसायचं, सावलीत वाळवायचं. सोडा किंवा कपड्याचा साबण लावू नका. चामडं मुळात आंबट असतं, खार लागला की आतून कडक होतं. पूर्ण वाळल्यावर हातानं वाकवून बघा. कोरडं वाटलं तरच एरंडेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून फिरवा. पिईल तेवढंच. पाच मिनिटांनी बोट तेलकट झालं तर जास्त झालं, लगेच पुसून काढा. वडील म्हणायचे, कातडं ढोर असताना जेवढं खात होतं तेवढं आता खात नाही.

पिशवी जुनी आहे म्हणता, तर बहुतेक झाडाच्या सालीनं कमावलेली असेल. बाभळीची साल आणि हिरडा. असं चामडं तेल फार पटकन शोषतं. तेच तिचं गुण आणि तेच दुखणं.

मास्तर_दारव्हा

कामटी आधी, तारपीन नंतर. मान्य. ह्या बाबतीत माझ्यापेक्षा तुमच्या वडिलांचा हात जास्त खरा.

सालीनं कमावण्यावरून आठवलं, वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात चर्मालय निघालं होतं. गोपाळराव वाळुंजकर ते बघायचे. आपल्या मरणानं मेलेल्या जनावरांचं कातडं कमावून त्याच्या वस्तू करायच्या, असा गांधीजींच्या ग्रामोद्योगातला तो प्रयोग. कपाशीवाल्यांची पिशवी त्या भागातलीच, कोण जाणे.

आरी_रापी

नालवाडीचं नाव आमच्या घरातही निघायचं. मोठी माणसं तिथं येऊन काम शिकली, हे चांगलंच झालं. गावात मात्र तेच काम करणाऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं. असो, धागा चिकटपणाचा आहे.

कपाशीवाला

'असो' कशाला, लिहा ना कधीतरी स्वतंत्र धाग्यावर. मी वाचीन.

आता सोफ्याकडं या. आरी_रापी भाऊ, सोफ्यालाही माती लावू का?

आरी_रापी

थांबा. आधी ते चामडं आहे का ते बघा. सोफा उलटा करा, खालच्या पट्टीत जिथं कापड मोडून खिळे मारलेत तिथून नखाएवढा तुकडा कापा. मागून तंतू-तंतू, मऊ, लव असल्यासारखं दिसलं तर चामडं. विणलेली जाळी किंवा कापड दिसलं तर नाही. खात्री हवी असेल तर चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला तर चामडं.

कपाशीवाला

उलटा केला. सोफ्याखाली बाबांचा हरवलेला चष्मा, पंचवीस-तीस बोरांच्या बिया आणि एक घुंगरू निघालं.

तुकडा कापला. मागून स्वच्छ पांढरी जाळी. पेटवला तर काळा धूर आणि बादली जळल्याचा वास. म्हणजे पाच वर्षं आम्ही 'प्युअर लेदर'वर पाहुण्यांना बसवून रुबाब करत होतो.

सासुरवाशीण (माहेर परतवाडा, सासर चिखलदरा)

तुमचं दुःख कळतं दादा. माझी पर्स सांगते. लग्नात आलेली, मरून रंगाची, 'चांगल्या प्रसंगाला वापरीन' म्हणून जपलेली. वर्तमानपत्रात गुंडाळली, वरून पन्नी, आत डांबराच्या गोळ्या, आणि कपाटात. चिखलदऱ्याचा पावसाळा म्हणजे कपाटातले कपडेसुद्धा दमट. तीन वर्षांनी नणंदेच्या लग्नाला काढली तर वर्तमानपत्र सुटेना. ओढलं तर कागद निघाला आणि पर्सवर अक्षरं राहिली, उलटी. कापसाच्या भावाची बातमी होती, आरशात धरून वाचता येत होती.

माझा प्रश्न असा, की एकदाही न वापरलेली वस्तू खराब झालीच कशी? सासूबाई रोज हाताळतात ती त्यांची जुनी चामडी पर्स मात्र टुणटुणीत. तिच्यावर पांढरी बुरशी येते, पण पुसली की गेली.

मास्तर_दारव्हा

ताई, ह्या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न.

तुमची पर्स आणि त्यांचा सोफा, दोन्ही पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन. कापडाच्या जाळीवर प्लास्टिकचा पातळ थर, त्यावर चामड्याचा ठसा. स्वस्त मालात ह्या थराच्या साखळीत एस्टर नावाचे जोड असतात, आणि हवेतली ओल नेमके तेच जोड तोडते. तुटताना आम्ल तयार होतं, ते आम्ल पुढचे जोड आणखी भरभर तोडतं. म्हणून वस्तू वर्षानुवर्षं चांगली दिसते आणि एका पावसाळ्यात अचानक चिकटते. नंतर पोपडे. हे घडायला वापर लागत नाही, ओल, उष्णता आणि वेळ पुरते. वस्तू दुकानाच्या गोदामात पडून होती तेव्हापासून घड्याळ चालू असतं.

वर्तमानपत्र आणि पन्नीत तुम्ही ओलच कोंडलीत. डांबराच्या गोळ्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते, त्यामुळं त्याही सोबत नकोतच.

सासूबाईंच्या पर्सवर पांढरं येतं ते दर वेळी बुरशीच असेल असं नाही. चामड्यातली चरबी थंडीत वर येऊन पांढरी पूड दिसते. अंगठ्याची ऊब दिली आणि विरघळली तर चरबी. नाही विरघळली, कुबट वास आला तर बुरशी.

कपाशीवाला

पण मास्तर, चिखलदऱ्याचं ठीक आहे. आमच्याकडं मे महिन्यात ४५-४६, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. सोफा दिवाणखान्यात, छपराखाली, एक थेंब पाणी नाही. ओल आली कुठून?

मास्तर_दारव्हा

चिकट झालेला हात कुठल्या बाजूचा? त्या बाजूला काय आहे?

कपाशीवाला

खिडकी.

…खिडकीत कूलर.

मास्तर_दारव्हा

झालं तर मग. मार्च ते जून दिवसरात्र ओल्या गवताच्या जाळीतून हवा ओढून त्या हातावर सोडता. बाहेर कोरडं, पण सोफ्याच्या त्या कोपऱ्यात चार महिने पावसाळा. त्यानंतर खरा पावसाळा. विदर्भातला सोफा वर्षातले आठ महिने दमट हवेत असतो आणि आपण म्हणतो, आमची हवा कोरडी.

वऱ्हाडी_ठेचा

मास्तर, तुम्ही पोलिसात पाह्यजे होते बाप्पा.

मोहर्ली_गेट

ताडोबात गाईड आहे. माझ्या दुर्बिणीची पकड अशीच चिकट झाली होती, जिप्सीतली धूळ बसून तिला वाघाच्या जिभेसारखा खरखरीतपणा आला. रबरासारख्या मऊ लेपाचंही हेच दुखणं असतं म्हणे. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापडाला लावून पुसत गेलो. काळा चीक निघत निघत शेवटी खालचं साधं टणक प्लास्टिक लागलं. दिसायला भुंडी झाली, पण हाताला चिकटत नाही. काचांना मात्र अजिबात लागू दिलं नाही. सोफ्यालाही चालेल का?

मास्तर_दारव्हा

दुर्बिणीत लेपाखाली टणक अंग होतं म्हणून जमलं. सोफ्याचा लेप निघाला की खाली जाळी उघडी. तुटलेले जोड परत जुळत नाहीत. कुठलीही क्रीम, कुठलंही तेल लावून ते होणार नाही. सोफ्याचं कव्हर बदला, सांगाडा आणि फोम चांगला असेल तर तेवढंच पुरतं. आणि खऱ्या चामड्यावर हे अल्कोहोल वापरू नका. त्याच्यावरचा चकाकीचा थर विरघळतो, आणि मग ते चिकटपण तुम्ही स्वतः आणलेलं असतं.

धानपट्टा (साकोली)

स्वतः आणलेलं चिकटपण म्हणजे मी. ट्रॅक्टरची सीट चिकटत होती, रंगाऱ्याकडून थिनर आणलं, जोरात घासलं. रेक्झीन फुगून वर आलं, दुधावरच्या सायीसारखं. बोट लावलं तर बोटासोबत आलं. आता त्यावर युरियाची रिकामी पिशवी शिवून बसतो. कपाशीवाले भाऊ, बाबांना रॉकेलपासून दूर ठेवा.

मास्तर_दारव्हा

सीटचं रेक्झीन बहुधा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकचं असतं. रेक्झीन हे खरं तर इंग्लंडातल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचं नाव, आपण ते साऱ्या जातीला देऊन टाकलं. पीव्हीसी मुळात टणक. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मुरवतात. उन्हानं तो हळूहळू वर येतो, त्यावर धूळ बसते, चिकट लागतं. रॉकेल, पेट्रोल, चकाकीसाठी चोपडलेलं तेल, सगळी त्याला आणखी बाहेर ओढतात. तो निघून गेला की सीट आधी कडक होते, मग तडकते.

पीयूपेक्षा हे दुखणं हलकं. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, मऊ फडकं, मग साध्या पाण्यानं पुसून कोरडं. दोन-तीनदा करा. गाडी सावलीत लावा, नाहीतर वर गोणपाट टाका.

नागपूरकर_नावापुरता (मूळ गाव आर्णी)

माझी केस वेगळी आहे. खुर्ची खऱ्या चामड्याची, तुकडा कापून खात्री केली. तरी डोक्याच्या जागी चिकट. जवस नाही, कूलर नाही.

सासुरवाशीण

केसांना तेल लावता का?

नागपूरकर_नावापुरता

रोज. आईची शपथ आहे.

मास्तर_दारव्हा

डोक्याचं तेल आणि घाम चामड्यावरच्या लेपात मुरतो आणि लेप मऊ पडतो. कपाशीवाल्यांच्या सोफ्याची पाठही डोक्याच्या जागीच गेली, हे बघा. सुरुवात असेल तर आरी_रापींनी सांगितलेला साबणाचा फेस दर आठवड्याला, महिनाभर. लेपच गेला असेल तर चांगल्या सीटवाल्याकडून साफ करून वरचा थर परत द्यावा लागतो.

जुन्या बायका खुर्चीच्या पाठीवर क्रोशाचा रुमाल टाकायच्या ना, तो शोभेचा नव्हता. इंग्रजांकडं १९ व्या शतकात पुरुष मकासर तेल चोपडायचे, खुर्च्या खराब व्हायच्या, म्हणून ते रुमाल आले. त्यांचं नावच 'मकासर-विरोधी' अशा अर्थाचं आहे. तुम्ही टॉवेल टाका आणि दर आठवड्याला धुवा. आईची शपथही राहील.

सासुरवाशीण

मग मी पुढची पर्स कशी ठेवू, तेवढं सांगा कोणीतरी.

आरी_रापी

ताई, पन्नी नको. धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, आत कोरा पांढरा कागद कोंबा म्हणजे आकार राहतो. छापील कागद नको, ते तुम्हाला कळलंच आहे. दुसऱ्या चिकट वस्तूला खेटून ठेवू नका. पाऊस उघडला की दोन तास पंख्याखाली. आणि पीयूची असेल तर जपून ठेवू नका, वापरून घ्या. ती ठेवली तरी जाणारच. जपायचीच हौस असेल तर एक चामड्याची घ्या.

कपाशीवाला, २६ नोव्हेंबर

उशीर झाला, वेचणीत होतो. हालहवाल सांगतो.

पिशवी: कामटी तीनदा, मुलतानी माती सहा वेळा. पहिल्या दोन रात्रींनंतर माती सकाळी हळदीसारखी पिवळी निघायची, सहाव्या वेळी जशीच्या तशी. तारपीन फक्त शिवणीच्या खाचेत लागलं, कापसाच्या बोळ्यानं. तो बोळा मास्तरांच्या धाकानं लगेच पाण्यात. झाकणावर एक काळसर डाग उरलाय, तिथं तेल पक्कं बसलंय, ते आरी_रापी भाऊंनीच फोटो पाहून सोडून द्यायला सांगितलं. 'टच्' आवाज गेला. एरंडेल लागलंच नाही, आत जवस भरपूर आहे.

सीट: साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसली, बरी आहे. बाबांनी रॉकेलचा विषय सोडला, धानपट्टा भाऊंची युरियाची पिशवी दाखवल्यावर.

सोफा: हिंगणघाटच्या सीटवाल्याकडून कव्हर बदललं. त्यानं पुन्हा 'लेदर' दाखवलं, मी मागून जाळी दाखवली, तो हसला. जाड सुती कापड घेतलं. कूलर दुसऱ्या खिडकीत हलवणार आहे.

एकच अडचण राहिली. नवं कव्हर खराब होऊ नये म्हणून आईनं काल सगळ्या सोफ्यावर जाड पन्नी चढवली, कडेनं दोऱ्यानं बांधून टाकली. बसलं की कुरकुर वाजते. कापडाचं आहे, ओल कोंडेल, सगळं सांगून झालं. ती म्हणते, पाहुणे आले की काढू.

वऱ्हाडी_ठेचा

काढू नोको. माह्या घरी २०११ पासून चढवली हाय, पाहुणेच येऊन नाही रायले.